मामांसाठी इंटरनेट रेडिओ हवा आहे, तीन स्टेशनांपुरता

निशिगंध
माझे मोठे मामा एकटे राहतात, वय ८४. डोळ्यांना मॅक्युलर डीजनरेशन आहे, म्हणजे समोरचं पुसट दिसतं आणि कडेचं तेवढं बरं. उजव्या हाताला कंप आहे. डोकं मात्र माझ्यापेक्षा तल्लख. त्यांना दिवसभर रेडिओ लागतो. जुन्या मीडियम वेव्हच्या संचावर आता खरखरच जास्त ऐकू येते. त्यांची तीनही आवडती स्टेशनं नेटवर स्वच्छ लागतात आणि घरात वायफाय आहे, म्हणून इंटरनेट रेडिओ घ्यावा असं मनात आहे.

पण जे जे पाहिलं त्याला रंगीत पडदा, मेनूत मेनू आणि एकच गोल बटण, जे फिरवायचंही आणि दाबायचंही. मामांना जगभरची हजारो स्टेशनं नकोत हो. चालू, बंद, आवाज आणि ही तीन, बस्स. मी लांब राहते, सारखं जाऊन दुरुस्त करणं जमणार नाही. जाणकारांनी कृपया सुचवावं. स्मार्ट स्पीकर सुचवणाऱ्यांना आधीच सांगते, यंत्राशी बोलायला मामांची ठाम ना आहे.

बोकोबा
नवीन खर्चाआधी एक फुकटचा उपाय. मीडियम वेव्हची एरियल संचाच्या आतच असते, फेराइटची कांडी. ती दिशा पाळते. संच जागच्या जागी पाव वळसा फिरवून बघा, कधी कधी खरखर निम्म्याने जाते. आणि घरातले एलईडी दिवे, फोनचे चार्जर एकेक करून बंद करा. खरखर बहुतेक वेळा त्यांच्यातूनच येते.

निशिगंध
@बोकोबा, करून झालं. राउटरचा अडॅप्टर आणि स्वयंपाकघरातला दिवा हे दोन गुन्हेगार सापडले. दिवा बदलता येईल, पण राउटर बंद करून कसं चालेल? शिवाय शेजाऱ्यांच्या घरातून काय येतं ते आपल्या हातात नाही.

खटपट्या
मग घ्याच. ब्रँडचं नाव सांगत नाही, कारण मॉडेलं दरवर्षी बदलतात आणि एकाच कंपनीचा एक रेडिओ सोपा तर दुसरा वैतागवाणा असतो. काय तपासायचं ते सांगतो.

पडद्याकडे बघूच नका. पुढच्या बाजूला १, २, ३ अशी वेगवेगळी, बोटाला लागणारी बटणं आहेत का ते बघा. पुष्कळ रेडिओंवर 'प्रीसेट' (म्हणजे साठवून ठेवलेलं स्टेशन) नावाचं एकच बटण असतं. ते दाबलं की पडद्यावर यादी उमटते, मग फिरवून निवडायचं, मग दाबायचं. जाहिरातीत यालाही दिमाखात '४० प्रीसेट' म्हणतात. मामांना त्यांचा उपयोग शून्य.

वेगळी बटणं असली तरी एक खोच राहते. बहुतेक ठिकाणी बटण पटकन दाबलं तर स्टेशन लागतं आणि दाबून धरलं तर त्या क्षणी जे चालू आहे ते त्या बटणावर नव्याने साठवलं जातं. हाताला कंप असलेली, किंवा 'नीट दाबलं गेलं ना' अशी शंका असलेली व्यक्ती बटण दाबून धरतेच. दोन दिवसांत तिन्ही बटणांवर एकच स्टेशन! काही रेडिओंत हे साठवणं कुलूपबंद करता येतं. तशी सोय आहे का ते माहितीपुस्तिकेत आधी वाचा. पुस्तिका बहुधा कंपनीच्या साइटवर मिळते, खरेदीपूर्वी.

आवाजाचं बटण स्वतंत्र हवं आणि त्याच्यावर दुसरं कुठलंही काम नको. फिरवा-आणि-दाबा प्रकारात कापऱ्या हाताने फिरवताना दाब पडतो आणि माणूस भलत्याच मेनूत जाऊन पडतो.

वाटसरू
निशिगंध, मामांची 'ना' मान्य, तरी स्मार्ट स्पीकरची बाजू मांडतो. बघायचं काही नाही, दाबायचं काही नाही. ज्यांना दिसत नाही आणि हात चालत नाही त्यांच्यासाठी याहून सोपं काय असणार? शिवाय तुम्ही लांबून तुमच्या फोनवरून त्यांचं स्टेशन लावून देऊ शकता. आमच्या घरी काकूंना आधी विचित्र वाटलं, आता त्या त्याच्यावर रागावतातही.

सुलूमावशी
वाटसरू, मी स्वतः ७८ वर्षांची आहे आणि इथे बहुतेक एकटीच 'ज्यांच्यासाठी घ्यायचं' त्या गटातली दिसते, म्हणून लिहिते. स्पीकर माझ्याकडेही होता. स्टेशनचं नाव ठरावीक पद्धतीनेच म्हणावं लागतं. सकाळी दात लावायच्या आधी म्हटलं तर त्याला कळत नाही. रेडिओचा आवाज मोठा असला की माझा आवाज त्याला ऐकू जात नाही, मग मी ओरडायचं. आणि नाव चुकीचं ऐकून त्याने भलतंच काही लावलं की 'थांब' म्हणायचं सुचेपर्यंत जीव घाबराघुबरा. रेडिओवर मला बटण चुकलं तर चुकलं, पुन्हा दाबते. यंत्राला माझं समजलं नाही की मात्र उगाच आपलंच काही बिघडलंय असं वाटत राहतं.

दुसरं, 'म्हाताऱ्यांसाठी खास' म्हणून जे पांढरं, फुगीर, खेळण्यासारखं मिळतं ते कृपा करून आणू नका. मामांचं डोकं तल्लख आहे म्हणता ना, मग रेडिओसारखा दिसणारा रेडिओ द्या. लाकडी खोका, गोल बटण, पुढे जाळी. हात आपोआप योग्य जागी जातो.

निशिगंध
मावशी, शेवटचं वाक्य वाचून मामाच बोलतायत असं वाटलं. धन्यवाद.

वाटसरू
माघार घेतो. तेवढं एक नोंदवतो की ज्यांची बोटं अजिबात वळत नाहीत त्यांच्यासाठी बोलून चालणारं यंत्र अजूनही पहिला पर्याय आहे.

कानसेन
खटपट्यांनी हाताचं सांगितलं, मी कानाचं सांगतो. वयोमानाने ऐकू येणं कमी होतं ते आधी वरच्या पट्टीतलं. स, श, फ, त यांसारख्या व्यंजनांचा बराचसा जोर तिथेच असतो. म्हणून ज्येष्ठ मंडळी म्हणतात, 'ऐकू येतं पण कळत नाही.' आपण आवाज वाढवतो, त्याने घुमणारा खालचा भाग वाढतो आणि शब्द आणखी बुडतात. त्यामुळे 'दमदार बेस' अशी जाहिरात असलेला रेडिओ बातम्या ऐकणाऱ्यासाठी उलट वाईट. इक्वलायझर (आवाजाच्या पट्ट्या कमी-जास्त करायची सोय) असेल तर बेस, म्हणजे खालची पट्टी, कमी आणि ट्रेबल, म्हणजे वरची, थोडं वाढवून ठेवा. काहींत 'बातम्या' किंवा 'संवाद' असा तयार पर्याय असतो, तो लावून बघा.

स्पीकरचं तोंड माणसाकडे हवं. वरच्या बाजूला स्पीकर असलेले डबे शेल्फवर ठेवले की आवाज छताला जातो. आणि स्टिरिओच्या मागे लागू नका. एका कानाने कमी ऐकू येत असेल तर दोन्ही बाजू एकत्र करून मोनोत दिलेलं बरं.

मामा श्रवणयंत्र वापरतात का? वापरत असतील तर हेडफोनची खाच असलेला रेडिओ घ्या. श्रवणयंत्रात टेलीकॉइल (चुंबकीय लहरींतून आवाज घेणारं वेटोळं) असेल तर त्या खाचेत गळ्यात घालायची लूप, म्हणजे तारेचं कडं, लावता येते, मग खोलीतला गोंगाट मध्ये येत नाही. ब्लूटूथने जोडायचं म्हणाल तर सगळी श्रवणयंत्रं सगळ्या रेडिओंशी बोलत नाहीत, ते आधी त्यांच्या तंत्रज्ञाला विचारा.

निशिगंध
श्रवणयंत्र नाही, अजून तरी. पण 'ऐकू येतं पण कळत नाही' हे वाक्य त्यांच्या तोंडी असतंच.

दूरदेशी
धागा पळवत नाही, पण जवळचाच प्रश्न आहे. माझी आत्या वृद्धाश्रमात असते. तिथे वायफाय आहे, पण जोडल्यावर ब्राउझरमध्ये एक पान उघडतं, नाव आणि कोड टाकावा लागतो, आणि रोज नव्याने. अशा ठिकाणी इंटरनेट रेडिओ चालेल का?

खटपट्या
थेट नाही. रेडिओत ब्राउझर नसतो, त्यामुळे ते पान त्याला उघडताच येत नाही. नेटवर्क जोडलं असं दाखवतो आणि वाजत काहीच नाही. तिथल्या व्यवस्थापनाला विचारा. काही ठिकाणी यंत्राचा मॅक पत्ता (नेटवर्कवरची त्याची ओळखसंख्या) नोंदवून त्याला त्या पानातून सूट देतात. ते जमलं नाही तर सिमकार्डवर चालणारा छोटा राउटर खोलीत ठेवायचा.

डेटा फार लागत नाही. १२८ केबीपीएसचं (म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट पाठवणारं) स्टेशन तासाला साधारण ५८ एमबी खातं. रोज दहा तास धरले तर महिन्याला १७ जीबीच्या आसपास. तेच स्टेशन ६४ केबीपीएसवर मिळत असेल तर निम्मं, आणि बोलण्याच्या कार्यक्रमांना तेवढं पुरतं.

बोकोबा
जुना फोन नाही का चालणार? घरात पडलेला असतोच. रेडिओचं अ‍ॅप टाका, चार्जरला लावा, स्पीकर जोडा. फुकटात काम.

खटपट्या
@बोकोबा, तुमच्या फुकटच्या उपायांवर माझा जीव आहे, पण हा नको. काचेवर कापरं बोट म्हणजे नको ते दाबलं जाणार. अपडेटची सूचना येणार, अ‍ॅप मध्येच जाहिरात लावणार, तळाची पट्टी चुकून ओढली की सगळं गायब. स्क्रीन पिनिंगने एकच अ‍ॅप धरून ठेवता येतं हे खरं, पण फोन बंद पडून चालू झाला की पुन्हा कुणीतरी ते लावायला हवं. शिवाय जुना फोन वर्षानुवर्षं अखंड चार्जिंगला ठेवला की बॅटरी फुगण्याची भीती असते. एकट्या माणसाच्या घरात ते नको.

बाकी माझ्यासारख्या खटपट्याला विचाराल तर रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक घेऊन, तीन मोठी बटणं आणि एक आवाजाचा नॉब लावून, लाकडी खोक्यात बसवून देईन. ईएसपी३२ या वायफायवाल्या छोट्या चिपवर तर आणखी स्वस्तात होतं. पण देणारा जवळ राहत असेल तरच. प्लग उपटून बंद करायची सवय असेल तर पायचं मेमरी कार्ड कधी ना कधी खराब होतं. ओव्हरले फाइल सिस्टिम (कार्डावर काही लिहूच न देणारी सोय) चालू केली तर वाचतं, पण हे तुम्ही फोनवरून मामांना कसं समजावणार?

निशिगंध
प्लग उपटणं! मामा नेमकं तेच करतात. भिंतीचं बटण बंद केल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. तयार रेडिओला त्याने काही होतं का?

खटपट्या
होत काही नाही, पण सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न तुम्ही आत्ता विचारलात. वीज गेली आणि परत आली, की रेडिओ काय करतो? काही आपोआप शेवटचं स्टेशन लावतात. काही नुसतं घड्याळ दाखवत बसतात, मग एकदा चालूचं बटण दाबावं लागतं. आणि काही, विशेषतः फार स्वस्तातले, भाषा निवडा म्हणून पहिल्यापासून सुरू करतात. हे पुस्तिकेत धडपणे लिहिलेलं नसतं. रेडिओ तुमच्या घरी मागवा, वायफाय आणि स्टेशनं भरा, वाजत असताना भिंतीचं बटण बंद करा, पाच मिनिटांनी चालू करा. आपोआप वाजला तर मामांचं भिंतीचं बटण हेच चालू-बंदचं बटण. नाही वाजला तर परत पाठवा. परतीची मुदत त्यासाठीच असते.

यात एक अडचण मात्र राहते. पूर्ण बंद अवस्थेतून इंटरनेट रेडिओ चटकन बोलत नाही. आधी स्वतः उठतो, मग वायफाय शोधतो, मग स्टेशन. यात अर्धा मिनिट सहज जातं. जुन्या संचाची सवय असलेला माणूस तेवढ्यात दोन-तीन बटणं दाबून मोकळा होतो. मामांना हे आधी सांगून ठेवा. भिंतीचं बटण चालूच ठेवायला ते राजी झाले तर सेटिंगमध्ये 'स्टँडबायमध्येही नेटवर्क जोडलेलं ठेवा' असा पर्याय पुष्कळ रेडिओंत असतो. तो लावला की थांबणं बरंच कमी होतं.

त्याच सेटिंगमध्ये आणखी एक शोधा. वीज वाचवण्यासाठी काही रेडिओ ठरावीक तास कुणी हात लावला नाही की आपोआप झोपी जातात. दिवसभर ऐकणाऱ्याला वाटतं बिघडला. ते बंद करून ठेवा.

सुलूमावशी
माझा असाच दुपारी बंद पडायचा. मुलाने सेटिंगमध्ये काहीतरी केलं तेव्हा थांबलं. ते काय होतं ते आज कळलं!

निशिगंध
आणखी एक शंका. कुठेतरी वाचलं की इंटरनेट रेडिओ काही वर्षांनी 'मरतात', यंत्र चांगलं असूनही. खरं आहे?

खटपट्या
खरं आहे, आणि हे विकणारे सांगत नाहीत. रेडिओत स्टेशनांचे पत्ते नसतात. तो एका सेवेला विचारतो, 'अमुक स्टेशन कुठे आहे?', आणि ती सेवा सांगते. सेवा बंद, तर रेडिओ मुका. रेसिवा नावाची अशी सेवा पुष्कळ ब्रँडांच्या रेडिओंमागे होती, ती २०२१ मध्ये बंद झाली. २०१९ मध्ये फ्रंटिअर सिलिकॉनच्या चिपवर चालणाऱ्या रेडिओंची यादी व्हीट्यूनर या सेवेकडून एअरेबल या दुसऱ्या सेवेकडे गेली. तेव्हा रेडिओ चालू राहिले, पण अनेकांना आवडती स्टेशनं पुन्हा भरावी लागली. कधी स्टेशनच पद्धत बदलतं. बीबीसीने २०२३ मध्ये जुन्या शाउटकास्ट पद्धतीचे प्रवाह (नेटवरून सलग येणारा आवाज) बंद केले, तेव्हा ज्या जुन्या रेडिओंना नवी पद्धत कळत नव्हती त्यांच्यावर ती स्टेशनं लागेनाशी झाली. अगदी जुन्या यंत्रांना तर एचटीटीपीएसने सुरू होणारा, म्हणजे सुरक्षित जोडणीचा, पत्ताही उघडता येत नाही.

म्हणून सेकंडहँड घेऊ नका, कितीही सुंदर दिसला तरी. अजून अपडेट मिळणारं चालू मॉडेल घ्या. आणि एफएमही असलेला घ्या. नेट बंद पडलं तरी घरात काहीतरी बोलत राहतं.

कानसेन
अवांतर: हा धंदाच असा आहे. २००० मध्ये थ्रीकॉमसारख्या बड्या कंपनीने केरबँगो नावाच्या इंटरनेट रेडिओची कंपनी विकत घेतली आणि २००१ मध्ये तो बेत गुंडाळलाही.

वाटसरू
निशिगंध लांब राहतात हे विसरू नका. रेडिओसोबत जे फोनचं अ‍ॅप येतं ते बहुतेक वेळा रेडिओ आणि फोन एकाच वायफायवर असतील तरच चालतं. घरी बसून मामांचा रेडिओ त्या अ‍ॅपने नीट करता येईल अशी आशा धरू नका. काही सेवांची वेबसाइट असते, तिथे रेडिओ तुमच्या खात्याला जोडून आवडत्यांची यादी लांबून बदलता येते. पण त्या यादीतलं स्टेशन १ नंबरच्या बटणावर नेऊन बसवायला बहुधा रेडिओसमोरच असावं लागतं.

निशिगंध
अरे देवा. म्हणजे स्टेशनने पत्ता बदलला तर मला जावंच लागणार.

खटपट्या
सेवेच्या यादीतून निवडलेलं स्टेशन बटणावर ठेवलंत तर पत्ता बदलल्यावर सेवाच तो सुधारते, तुम्हाला कळतही नाही. हाताने टाकलेला पत्ता मात्र तसाच राहतो आणि एक दिवस गप्प होतो. म्हणून शक्यतो यादीतूनच घ्या. आणि शेजारच्या एखाद्या चुणचुणीत मुलाला बटणावर स्टेशन कसं बसवायचं ते एकदा दाखवून ठेवा, व्हिडिओ कॉलवर तुम्ही आणि रेडिओसमोर तो. माझा अनुभव असा की सगळ्या तंत्रज्ञानापेक्षा हा मुलगा जास्त उपयोगी पडतो.

सुलूमावशी
बटणांवर काहीतरी चिकटवा. दृष्टिहीनांसाठी उठावाचे चिकट ठिपके मिळतात. पहिल्या बटणावर एक, दुसऱ्यावर काही नाही, तिसऱ्यावर दोन. सगळ्यांवर लावले तर काहीच कळत नाही. नको असलेल्या बटणांवर कडक पुठ्ठा कापून चिकटवायचा. माझ्या मुलाने मेनूचं बटण असंच बुजवलं. पूर्वी रोज एकदा तरी मी त्यात हरवत असे.

बोकोबा
मावशींना दंडवत. असं कुठल्याच पुस्तिकेत लिहिलेलं नसतं.

निशिगंध
सगळ्यांचे आभार. एक घेतला. लाकडी खोका, पुढे वेगळी बटणं, आवाजाचा स्वतंत्र नॉब, एफएम आहे. भिंतीचं बटण बंद-चालू केल्यावर आपोआप वाजतो, माझ्याकडे तपासून मगच मामांकडे नेला. मेनूवर पुठ्ठा. बेस कमी केल्यावर बातम्या ऐकताना मामा म्हणाले, 'हा निवेदक आता नीट बोलायला लागला.'

एक तक्रार आहे. तासाचे ठोके भिंतीवरच्या घड्याळापेक्षा उशिरा पडतात. मामा रोज रेडिओवर घड्याळ लावतात आणि आता घड्याळच पुढे गेलंय असं त्यांचं म्हणणं. रेडिओत काही बिघाड आहे का?

कानसेन
बिघाड नाही. स्टेशनमधून निघालेला आवाज आधी दाबून लहान केला जातो, मग तुकड्यांत येतो आणि रेडिओ थोडा साठा करूनच वाजवतो. सेकंदांचा उशीर होतोच, कधी अर्ध्या मिनिटापर्यंत किंवा त्याहून जास्त, आणि तो रोज सारखाच असेल असंही नाही. म्हणून इंटरनेटवरच्या ठोक्यांवर घड्याळ लावू नये. मामांना सांगा, घड्याळ एफएमच्या ठोक्यांवर लावा. रेडिओच्या पडद्यावरचं घड्याळ नेटवरून वेळ घेतं, ते सहसा बरोबर असतं, पण त्यांना दिसायचं नाही.

निशिगंध
सांगितलं. मग एफएमसाठी चौथ्या बटणावर दोन ठिपके लावून द्या असा हुकूम झाला, तिसऱ्यावरचे तेवढे काढायचे. अजून एक. पुढच्या महिन्यात त्यांचा राउटर बदलणार आहेत. तेव्हा मला जावं लागेल का?

खटपट्या
नाही. राउटर लावायला येणाऱ्या माणसाला सांगा, नव्या राउटरला जुन्याचंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्यायचा, अक्षरन् अक्षर तोच. रेडिओला फरक कळणार नाही. दोन गोष्टी त्याच्याकडून करून घ्या. २.४ गीगाहर्ट्‌झचा पट्टा चालू ठेवायचा, कारण अनेक रेडिओ फक्त त्यावरच चालतात. आणि सुरक्षा नुसत्या डब्ल्यूपीए३ या नव्या वायफाय-सुरक्षा पद्धतीवर ठेवायची नाही, डब्ल्यूपीए२ ही जुनीही चालेल असा मिश्र पर्याय निवडायचा. जुना पासवर्ड कुठे लिहून ठेवला आहे का ते मात्र आजच शोधा.

निशिगंध
राउटरच्या पाठीवरच्या चिकटपट्टीवर आहे. शेजारच्या मुलाला फोटो काढून पाठवायला सांगते.